अकरा डबे आणि एक पावाची गाडी

आमचे हे कमी बोलतात. किती कमी, तर लग्न झाल्यावर पहिले आठ दिवस मला वाटलं, ह्यांचा घसा बसलाय. मी रोज गरम पाणी करून देत होते आणि हे रोज निमूटपणे पीत होते. नवव्या दिवशी समजलं की घसा ठणठणीत आहे, माणूसच असा आहे. तेव्हापासून दोघांच्या वाटणीचं बोलणं मी एकटी करते. पंचेचाळीस वर्षं झाली, अजून दमले नाही.

ह्यांनी एका बेकरीत नोकरी केली. आधी सहा वर्षं पिठाची पोती उचलली, मग चौतीस वर्षं पावाची गाडी चालवली. चौतीस वर्षं एकच गाडी. ह्यांच्या हातात आली तेव्हाच ती म्हातारी होती. गोल नाक, दोन मोठे डोळ्यांसारखे दिवे आणि मागे कपाट लावावं तशी दोन दारं. रंग क्रीम, कमरेला निळा पट्टा, दोन्ही अंगांना पावाचं चित्र. रंगाऱ्याने पाव असा काढला होता की लांबून बघणाऱ्याला उशी वाटावी. गादीवाल्याची गाडी समजून लोक हात दाखवून थांबवायचे, असं हे एकदा म्हणाले होते. ह्यांनी आपण होऊन सांगितलेली गोष्ट म्हणजे ती एकच, म्हणून लक्षात आहे.

त्या गाडीवर माझा राग जुना. गाडी ह्यांच्या हातात येऊन वर्ष झालं होतं. लेक दोन वर्षांची, अंगात सणकून ताप. मी तिला खांद्यावर टाकून गल्लीच्या टोकाला बसस्टॉपवर उभी. दवाखाना लांब आणि बस काही येईना. तेवढ्यात समोरून ही गोल नाकाची आली. ह्यांनी मला बघितलं. त्यांनी मला बघितलं हे मी बघितलं. आणि गाडी थोडीशी हळू होऊन पुढे निघून गेली.

मालकाचा नियम होता, गाडीत पाव आणि ड्रायव्हर, तिसरं कुणी बसायचं नाही. आधीच्या ड्रायव्हरने मेव्हण्याला बसवलं होतं, त्याची नोकरी त्याच दिवशी गेली. मला हे सगळं माहीत होतं. हे सगळे पाव उतरवून, गाडी लावून, धावतपळत दवाखान्यात आले, घामाने निथळत बाकावर बसले, तेही मी बघितलं. लेक तर संध्याकाळी बरी होऊन खेळायलासुद्धा लागली. मी मात्र अजून बरी झालेले नाही. अडतीस वर्षं आमचं कुठलंही भांडण कुठूनही सुरू होवो, भाजी खारट झाल्यावरून होवो नाहीतर टॉवेल ओला राहिल्यावरून, ते शेवटी त्या बसस्टॉपवर जाऊन थांबतं.

ह्यांची नोकरी संपली आणि गाडीही बेकरीच्या मागच्या शेडमध्ये उभी राहिली. चार वर्षांनी बेकरीच बंद झाली. मालकाच्या मुलाने जुन्या माणसांना बोलावून विचारलं, आठवण म्हणून काय हवं ते न्या. कुणी घड्याळ नेलं, कुणी टेबल नेलं. एकाने पावाचे साचे नेले, त्यात त्याने फुलझाडं लावली. आमच्या ह्यांनी जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं, जेवताना मीठसुद्धा मागत नाहीत, उठून घेतात. ह्यांनी गाडी मागितली.

मी कपडे वाळत घालत होते. दुसऱ्या गाडीला दोर बांधून ह्यांनी ती ओढत आणली. चाकं बसलेली, पत्र्याला भोकं, उशीसारख्या पावाला गंजाची बुरशी लागलेली. अंगण आमचं एवढंसं. नाक अंगणात शिरलं आणि बाकीची गाडी गल्लीत राहिली. शिरताना तिने माझी दोरी तोडली आणि दोन चादरी अंगावर घेऊन नवरीसारखी उभी राहिली.

"हे काय?" मी विचारलं.

"गाडी," हे म्हणाले.

"ते दिसतंय मला. करायचं काय हिचं?"

"चालू करायची."

तीन शब्दांत संपलं. त्याच्या पुढचं बोलणं दोन तास झालं, ते मी केलं.

आता हे ड्रायव्हर, मेकॅनिक नव्हेत. बेकरीचा जो मेकॅनिक होता तो वारला. त्या गाडीचं पुस्तक कधी होतं की नाही कुणाला माहीत. मग ह्यांनी स्वतःची एक रीत काढली. एक एक भाग खोलायचा आणि त्याचे नट-बोल्ट एका डब्यात टाकायचे. डबा फळीवर ठेवायचा. पुढचा भाग, पुढचा डबा, त्याच्या शेजारी. असं डावीकडून उजवीकडे जायचं. सगळं खोलून, पुसून, गंज काढून झालं की उजवीकडून डावीकडे यायचं. जे शेवटी काढलं ते आधी बसवायचं. उलटं येत गेलं की गाडी तयार. डब्यांवर चिठ्ठ्या नाहीत, आकडे नाहीत. ओळीत आहेत ना, मग झालं.

रीत चांगली होती. फक्त डबे माझे होते.

पहिला गेला चहाचा. सकाळी बघते तर चहा पातेल्यात ओतलेला आणि डबा गायब. मी बाहेर गेले. हे गाडीखाली, दोन पाय तेवढे बाहेर. मग मी पायांशी भांडले. पाय हलले नाहीत. आठवड्याने साखरेचा गेला. मग बिस्किटांचा, दुधाच्या भुकटीचा, औषधांचा, माझ्या पावडरचा. पावडर ह्यांनी वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून ठेवली होती, म्हणजे भांडायची सोय त्यांनीच केली म्हणायची. मी दर वेळी बाहेर जायची, डब्यात डोकावून बघायची, आत काय घाण भरलीय ते मोजून दाखवायची, आणि मग पहिल्या डब्यापासून सगळा इतिहास म्हणून घ्यायची. माझी शाळा तिसरीत सुटली, पाढे मला सातापर्यंतच येतात. पण कुणी कधी माझा काय अपराध केला, ते विचारा. तारीख, वार, कोण कुठे उभं होतं, सगळं ओळीने. लेक म्हणते, "आई, तुझ्या डोक्यात कोर्टाचं दप्तर आहे." मी हे कौतुक समजत होते.

पाच महिन्यांत फळीवर अकरा डबे झाले. चष्म्याचं घर, बुटाच्या पॉलिशची डबी, कोल्ड क्रीमची डबी, साबणाची डबी, काही सुटलं नाही. गाडी पार उघडीवाघडी झाली. गंज खरवडला, भोकांना पत्र्याची ठिगळं बसली. हे दिवसभर पॉलिश पेपर घासत बसायचे. मला आतून ऐकू यायचं, खर्रर्र, खर्रर्र. खरं सांगायचं तर इतकी वर्षं घरात माझाच आवाज होता, त्यात ह्यांचाही एक आवाज आला. पण असं काही मी तेव्हा म्हणाले नाही. म्हणाले, "दात शिवशिवतात माझे."

आणि मग पालिकेची नोटीस आली. गल्लीत फक्त चालत्या गाड्या उभ्या करता येतील. बंद गाडी तीस दिवसांत हलवावी, नाहीतर तपासणी होऊन ती भंगारात जाईल. समोरच्या मास्तरीणबाईंनी चष्मा लावून मोठ्याने वाचून दाखवली. हे ऐकत होते. मग त्यांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि गाडीच्या नाकावर हात ठेवून उभे राहिले. ताप बघायला ठेवतात तसा.

"तीस दिवस," म्हणाले.

ह्या माणसाने एकच गोष्ट मागितली होती आणि मी पाच महिने डब्यांवरून त्याचा जीव खाल्ला होता. दुसऱ्या दिवशी हे एक जुना पार्ट आणायला परगावी गेले. दोन दिवसांनी येणार होते. मी मनाशी ठरवलं, आता आपणही मदत करायची.

मला एक खोड आहे. कुणाला पत्त्यांचा नाद असतो, कुणाला तंबाखूचा, मला धुण्याचा. भांडी, चादरी, पायपुसणी, लहान मुलं, तावडीत सापडेल ते मी धुते. फळीवर अकरा डबे, आत काळंकुट्ट तेल, त्यात बुडालेले नट-बोल्ट. मला वाटलं, हे एवढं स्वच्छ करून दिलं तर बिचाऱ्यांचे चार दिवस वाचतील.

मी सगळे डबे एका मोठ्या घमेल्यात ओतले.

आधी रॉकेलने धुतले. मग सोड्याने, मग साबणाने, मग दोन पाण्यांतून काढले. अंगणात पांढरी चादर अंथरून उन्हात वाळवले. आणि वाळल्यावर, मी बटणं लावते तसे लावले. मोठे मोठ्यांत, मधले मधल्यांत, बारके बारक्यांत. गोल चकत्या होत्या त्या दोऱ्यात ओवल्या. डबे घासले, पुसले, आणि स्वयंपाकघरात नेऊन भरलेसुद्धा. चहा चहात, साखर साखरेत. पाच महिन्यांनी माझं फडताळ माणसात आलं.

मास्तरीणबाई डोकावून म्हणाल्या, "अगदी चांदीचे वाटतात हो!"

मी म्हटलं, "मग! नुसतं भांडता येतं असं वाटलं का तुम्हाला?"

हे आले. हातात पिशवी. चादरीकडे बघितलं, मग फळीकडे, मग परत चादरीकडे.

"डबे?"

"स्वयंपाकघरात. घासून भरले."

हे गाडीच्या पुढच्या बंपरवर बसले. पिशवी खाली ठेवली. मी वाट बघत होते, आता म्हणतील, वा. ते बोलले ते वेगळंच. इतकं लांब ते आयुष्यात कधी बोलले नव्हते.

"अगं, ते दिसायला सारखे आहेत. पण एखादा सूतभर लांब असतो. आखूड भोकात लांब घालून आवळला की आतलं ओतीव लोखंड फुटतं. फुटलं की संपलं, तसं इंजिन आता मिळत नाही. मी मेकॅनिक नाही. मी फक्त उलटा येणार होतो. आता कुठून उलटा येऊ?"

आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. निदान मला उत्तर देता आलं असतं. मी चादरीकडे बघितलं. ते चांदीसारखे नट-बोल्ट असे लकाकत होते की मला त्यांच्यात माझं तोंड दिसत होतं, आणि ते बघण्यासारखं नव्हतं.

दोन दिवस हे अंगणात बसून राहिले. एक बोल्ट उचलायचा, भोकाला लावून बघायचा, परत ठेवायचा. खर्रर्र नाही, काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिऊन म्हणाले, "पालिकेला कळवून टाकू. घेऊन जाऊ देत."

माणसाची चूक झाली की माणूस गप्प बसतो. माझी चूक झाली की मी भांडते. हा स्वभाव मी कुठून आणला माहीत नाही. मी कंबरेवर हात ठेवून उभी राहिले.

"घेऊन जाऊ देत? आणि माझ्या डब्यांचं काय? पाच महिने माझं स्वयंपाकघर उसवलंत ते असंच? पहिला चहाचा नेलात! सोमवारी. लेकीचा फोन आला होता, तो उचलायला पण आला नाहीत, गाडीखाली लोळत होतात. तो धूर जायचा गंजका पाइप उपसत होतात, आणि माझ्या चहाच्या डब्यात आठ बोल्ट टाकलेत, चार लांब, चार बुटके, एकाचं डोकं तर पान्याने पार गोल करून ठेवलेलं…"

ह्यांनी मान वर केली.

"पुढे?"

पंचेचाळीस वर्षांत माझ्या भांडणाला ह्यांनी कधी 'पुढे' म्हटलं नव्हतं. मी गडबडले.

"पुढे काय! पुढे साखरेचा. मी डब्यात बघितलं तर सहा बोल्ट आणि दोन पितळेचे नट. मी म्हटलं, पितळ कशाला, सोन्याचे लावा…"

हे उठले, चादरीजवळ उकिडवे बसले, आणि त्या ढिगातून डोकं गोल झालेला बोल्ट शोधून काढला. मग चार लांब, चार बुटके. आठ झाले. माझ्याकडे बघितलं.

"चहाचा डबा दे," म्हणाले.

मी चहा पातेल्यात ओतला. पाच महिन्यांत पहिल्यांदा, न भांडता. म्हणजे, भांडता भांडताच.

त्या दिवसापासून आमचं काम सुरू झालं. मी बादली उलटी घालून तिच्यावर बसायची आणि भांडायची. हे ऐकायचे आणि वेचायचे. आता अडचण अशी की बसवायचं उलट्या क्रमाने, आणि भांडण उलटं करता येत नाही. करून बघा. साबणाच्या डबीवरून एकदम कोल्ड क्रीमवर मागे यायला गेलं की माझा राग तुटायचा आणि आठवण पण. म्हणून दर वेळी चहापासून निघावं लागायचं, पाढा म्हणावा तसं. चहा, साखर, बिस्किटं, भुकटी, असं धावत यायचं आणि हव्या त्या डब्यावर थांबायचं. हे मध्येच विचारायचे, "डोक्याला निळा रंग होता तो कशात?" मी म्हणायची, "चष्म्याच्या घरात! माझा चष्मा त्या दिवशी तुम्ही रिकाम्या फुलदाणीत ठेवला होतात, अर्धा दिवस शोधत होते मी!" आणि निळ्या डोक्याचा चष्म्याच्या घरात जायचा.

चौथ्या दिवशी मास्तरीणबाई आल्या, दोन्ही हात जोडून.

"अहो, रोज तेच भांडण ऐकू येतंय. शब्दन् शब्द तोच. इतक्या वर्षांचा संसार, आता ह्या वयात…"

"नाही हो," मी म्हटलं, "आम्ही इंजिन बसवतोय."

त्या तशाच मागे गेल्या. मला वाटतं, त्यांनी लेकीला फोन केला असावा, कारण संध्याकाळी लेकीने विचारलं, "आई, तुझं डोकं दुखतंय का?"

दोन आठवड्यांत दहा डबे भरले. अकरावा राहिला. माझा शिवणाचा डबा. डबा समोर होता, भांडण सापडत नव्हतं. मी चहापासून निघायची, पावडरपर्यंत बरोबर यायची, तिथून उडी पडायची ती चष्म्याच्या घरावर. मधला सातवा कोरा. नोटिशीचे नऊ दिवस उरलेले. मी चिडून म्हटलं, "मी शिवणाचा डबा कुणाला हात लावू देत नाही. सुईसुद्धा मोजून ठेवते. हा नेलात आणि मी भांडले नाही, असं होईलच कसं?"

"नेला नाही," हे म्हणाले. "तू दिलास."

"मी?"

"मी स्टिअरिंग आणि त्याला जोडलेला गिअरचा दांडा खोलत होतो. टॉर्च धरायला कुणीतरी हवं होतं. तू आलीस. हॉर्न काढताना तो आपोआप वाजायला लागला. थांबेना. तू हसायला लागलीस, हसता हसता ह्या बादलीवरून पडलीस. मग दोरे मांडीवर ओतून तो डबा तू मला दिलास. रुंद डोक्याचे पाच, दोन स्प्रिंगा, आणि एक बोल्ट टोकाला वाकडा."

हे बोलता बोलता वेचत होते. एकही चुकला नाही. स्प्रिंग मात्र एकच सापडली, दुसरी काही मिळेना.

"मग बाकीचे दहा दिवस कसे आठवले नाहीत तुम्हाला?" मी विचारलं.

"बाकीचे दहा दिवस तू ओरडत होतीस. माझं लक्ष कुठे होतं?"

मी खूप आठवून बघितलं. बादली आठवेना, हॉर्न आठवेना, हसू तर नाहीच. माझ्या दप्तरात त्या दिवसाचा कागदच नव्हता. अडतीस वर्षांपूर्वी बसस्टॉपवर गाडी किती हळू झाली ते मी सांगू शकते, आणि ह्याच वर्षी मी पोट धरून हसले ते मला ठाऊक नाही. ह्यात माझी काय शोभा झाली ते लिहायला नको. मी बादलीवरून उठले आणि चहा टाकायला आत गेले. आत गेल्यावर आठवलं, चहा पातेल्यात आहे.

तपासणीच्या दिवशी सकाळी अकराला पालिकेचे साहेब आले. हातात फॉर्म, बगलेत छत्री. गल्लीच्या कोपऱ्यावर भंगार न्यायचा ट्रक उभा, त्याला मागे हुक. सगळी गल्ली दारात. गाडीला रंग अजून नव्हता, ठिगळं दिसत होती, पण उशीसारखा पाव ह्यांनी तेवढा पुसून चकचकीत केला होता.

"स्वतःच्या इंजिनावर हलली पाहिजे," साहेब म्हणाले. "ढकलायची नाही."

जुन्या गाडीला पुढून लोखंडी हँडल घालून फिरवावं लागतं. ह्यांनी एकदा फिरवलं. काही नाही. दुसऱ्यांदा खोकल्यासारखं झालं. तिसऱ्यांदा ह्यांचा हात घसरला आणि गुडघा बंपरवर आपटला. ट्रकवाल्याने इंजिन सुरू केलं, त्याचं बिचाऱ्याचं लगेच सुरू झालं. मी मनात चहापासून साबणापर्यंत सगळे डबे म्हणत होते.

चौथ्यांदा गाडी सुरू झाली. आवाज असा की मास्तरीणबाईंनी कानांत बोटं घातली. मागून काळा धूर निघाला आणि माझ्या ज्या दोन चादरी तिने पहिल्या दिवशी अंगावर घेतल्या होत्या, त्याच काळ्या केल्या. हे आत बसले. नाक अंगणात असल्यामुळे आधी मागेच यायचं होतं. आली. डुलत डुलत गल्लीत आली. गल्लीने टाळ्या वाजवल्या.

"आता पुढे घ्या," साहेब म्हणाले.

आतून कर्र असा आवाज आला. परत कर्र. ह्यांनी दांडा हलवून हलवून बघितला. पुढचा गिअर पडेना. हुकवाला ट्रक चार हात जवळ आला.

ह्यांनी खिडकीतून माझ्याकडे बघितलं. मग मान वळवली, मागे बघितलं, आणि गाडी सोडली ती मागेच. सरळ गल्लीतून, उलटी. मला वाटलं, ब्रेक गेले. मी ओरडत मागे धावले, म्हणजे गाडीच्या पुढे होते की मागे ते तेव्हा सांगता आलं नसतं. साहेब फॉर्म धरून माझ्या मागे, ट्रकवाला साहेबांच्या मागे. गल्लीच्या टोकाला गाडी थांबली. अगदी बेताने, रांगेत उभ्या असलेल्या माणसांना धक्का न लावता. बसस्टॉपवर.

ह्यांनी आतून हात लांब करून पलीकडचं दार उघडलं.

"चढ," म्हणाले.

मी धापा टाकत होते. तोंडातून काय निघावं? "मालकाचा नियम?"

"मालक मीच आहे."

"अडतीस वर्षं उशीर केलात!"

"पाव उतरवून आलो," हे म्हणाले.

रांगेतली माणसं बघत होती. मी चढले. पायरी उंच होती, साहेबांनी मागून छत्रीने आधार दिला. सीटला अजून कापड नव्हतं, स्प्रिंग टोचत होती. आत अजूनही पिठाचा वास होता. मी पुष्कळ बोलणार होते, अडतीस वर्षांचं तयार होतं सगळं, पण एक शब्द सापडला नाही. हेही काही बोलले नाहीत, पण त्यांचं ते नेहमीचंच.

साहेबांनी खिडकीशी येऊन फॉर्म भरला. "हलली का, हलली. स्वतःच्या इंजिनावर, हो." मग पेन थांबलं. "पुढे जात नाही, पण फॉर्मवर दिशेचा रकाना नाही." आणि खाली सही केली. नोटीस रद्द. घरी नाक पुढे करून न्यायला अर्थातच ढकलावी लागली. त्या हुकवाल्याने सगळ्यात जोर लावला.

दुसरी स्प्रिंग मला त्याच दिवशी संध्याकाळी सापडली. माझ्या बटणांच्या डब्यात. धुतल्यावर इतकी नाजूक दिसत होती की ती गाडीची असेल असं मला वाटलंच नव्हतं. मी ती परत बटणांत लपवली. पुढचे आठ दिवस हे गिअरच्या दांड्याशी झटत होते आणि मी आतून बघत होते. रोज ठरवायची, आज सांगू. नवव्या दिवशी चहाबरोबर बशीत ठेवून दिली.

ह्यांनी स्प्रिंग उचलली, उजेडात धरली, मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बोला काय बोलायचं ते." ह्यांनी चहा संपवला, उठले, दारापर्यंत गेले आणि वळले.

"दांडा परत खोलावा लागेल. एखादा डबा आहे?"

स्वयंपाकघरात ह्यांचा हात न लागलेला आता मिठाचा तेवढा राहिला होता. मी मीठ वाडग्यात ओतलं आणि तो दिला. मंगळवार होता, सकाळचे दहा वाजले होते, हे दारात उभे होते आणि त्यांच्या कानाला काळं लागलं होतं. डबा त्यांनी नेला नाही, मी दिला. हे एवढं लक्षात ठेवायचं मी ठरवलं आहे.